छपराची पन्हळ व तिची निगा

छपरावर पडलेले पावसाचे पाणी गोळा करून ते भिंतीपासून दूर, ठरावीक जागी उतरवण्यासाठी छपराच्या कडेला बसवलेल्या उघड्या नळीस पन्हळ असे म्हणतात. सपाट गच्चीच्या घरांना अशी पन्हळ नसते. तेथे गच्चीचा उतार, कठड्याच्या बुडाशी ठेवलेले निचऱ्याचे तोंड आणि भिंतीलगतचा उभा पाईप हे तिघे मिळून तेच काम करतात. प्रस्तुत लेखात या दोन्ही व्यवस्थांचा विचार केला असून नागपूर शहराच्या पूर्व भागातील नंदनवन ही वसाहत उदाहरणादाखल घेतली आहे. तेथील तीव्र उन्हाळा, अल्पावधीत कोसळणारा पाऊस, काळी माती आणि दाट वस्ती यांमुळे पन्हळीच्या निगेचे बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात.

नाव

'पन्हळ' किंवा 'पन्हाळ' हा शब्द संस्कृत 'प्रणाल' या शब्दापासून आला आहे. मंदिराच्या गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या मकरमुखी किंवा गोमुखी दगडी नळीस 'प्रणाल' असेच म्हणतात. कोकणात पोफळीचे खोड उभे चिरून व पोखरून केलेल्या पन्हळींतून बागेला पाणी नेण्याची जुनी रीत आहे. छपराच्या कडेवरून गळणाऱ्या धारांना 'पागोळ्या', तर छपराचा जो भाग भिंतीबाहेर येतो त्याच्या खालच्या जागेला 'वळचण' म्हणतात. 'आढ्याचे पाणी वळचणीला' ही म्हण याच रचनेवरून आली. इंग्रजी 'गटर' या शब्दामुळे अलीकडे पन्हळीला 'गटार' म्हणण्याचा प्रघात पडू लागला आहे. परंतु मराठीत गटार हे जमिनीवर असते व त्यातून सांडपाणी वाहते, म्हणून हा वापर टाळलेला बरा. बांधकाम व्यवसायात उभ्या नळाला 'रेनवॉटर पाईप' किंवा नुसते 'पाईप' म्हणतात, आणि ते सर्वांना समजते.

घरांचे प्रकार

विदर्भातील जुन्या घरांवर मातीची कौले असत. त्यांना या भागात 'कवेलू' म्हणतात. हाताने थापलेल्या नळीच्या कवेलूंच्या घराला सहसा पन्हळ नसे. छप्पर भिंतीच्या बरेच पुढे काढलेले असल्याने पागोळ्या आपोआप भिंतीपासून दूर पडत व त्यांच्या खाली दगड किंवा फरशी घातलेली असे. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यामुळे यंत्रावर दाबलेली चपटी कौले प्रचारात आली आणि पुढे जस्ताचा मुलामा दिलेले पन्हळी पत्रे सर्वत्र पोहोचले. भूखंड लहान झाले, दोन घरांमधील अंतर कमी झाले आणि पुढे आलेल्या वळचणीला जागा उरली नाही, तेव्हा पत्र्याच्या पन्हळीची गरज निर्माण झाली.

नंदनवनसारख्या वसाहतींत आज बहुसंख्य घरे सिमेंट काँक्रीटच्या सपाट स्लॅबची आहेत. त्यांतील अनेकांवर ऊन अडवण्यासाठी टिनाची शेड उभारलेली दिसते. ही शेड निचऱ्याच्या दृष्टीने अडचणीची ठरू शकते. मूळ गच्चीचा उतार व पाईप पूर्ण गच्चीवर पाऊस विखरून पडेल असे समजून ठेवलेले असतात. शेड घातल्यावर तेच सगळे पाणी एका कडेवर जोराने उतरते. शेडला स्वतंत्र पन्हळ व स्वतंत्र पाईप नसेल तर ते एकाच तोंडावर येऊन आदळते किंवा कठड्याबाहेर शेजाऱ्याच्या अंगणात पडते.

हवामान

नागपूरला वर्षाकाठी साधारणतः १,००० ते १,२०० मिमी पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या काळात पडतो. निचऱ्याच्या दृष्टीने मात्र वर्षाची बेरीज फारशी उपयोगाची नाही. एका तासात किती पडला हे महत्त्वाचे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात काही तासांतच १०० मिमीहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. असा पूर पन्हळींनी थोपत नाही. परंतु त्याच पावसात ज्या घरांच्या गच्च्यांची तोंडे तुंबलेली असतात, त्यांना खालून आणि वरून असा दुहेरी त्रास होतो.

उन्हाळ्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. मेच्या अखेरीस येणारे 'नवतपा'चे नऊ दिवस येथे विशेष धास्तीने मोजले जातात. हिवाळ्यात पारा बराच खाली येतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश नोंदवले गेले. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचा आणि एप्रिल-मे महिन्यांत वावटळी व वादळी सरींचा धोका असतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नागपुरात पन्हळीचे नुकसान पावसाळ्यात उघडकीस येते, पण ते घडते पावसाआधीच्या कोरड्या आठ महिन्यांत. या काळात पन्हळीकडे कोणी पाहत नाही, कारण तिचे काहीच काम नसते.

कचरा कोठून येतो

युरोप व उत्तर अमेरिकेतील पुस्तिकांत पन्हळी शरद ऋतूच्या अखेरीस स्वच्छ कराव्यात असे सांगितलेले असते, कारण तेथील पानगळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. हा सल्ला जसाच्या तसा विदर्भात लागू पडत नाही. येथे कडुनिंबाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात, त्यापाठोपाठ बारीक मोहोर गळतो आणि पावसाच्या तोंडावर निंबोळ्या पडू लागतात. गुलमोहराच्या पाकळ्या मे-जूनमध्ये गळतात. त्याची पर्णिका एक सेंटीमीटरहूनही लहान असल्याने ती बहुतेक जाळ्यांतून आत जाते आणि पाईपाच्या वळणावर गाळासारखी बसते. म्हणजे कचऱ्याचा मोठा भाग पहिल्या सरीच्या अगदी आधी जमा होतो.

झाडांखेरीज इतर गोष्टीही आहेत व त्यांतील काही खास नागपुरी म्हणाव्यात अशा आहेत. संक्रांतीच्या सुमारास शहरात पतंगांची धूम असते. तुटलेला मांजा कठड्यांवर, शेडच्या खिळ्यांवर व निचऱ्याच्या जाळीत अडकतो. नायलॉनचा मांजा कुजत नाही. त्याच्या गुंत्यात पाने अडकून घट्ट बोळा तयार होतो. दुसरी वस्तू म्हणजे कूलर. उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक घराला कूलर असतो व त्याच्या जाळीत लाकडाचा भुसकट-धागा किंवा खस भरलेली असते. त्याचे तुकडे गच्चीवर गळतात, आणि पाऊस सुरू झाल्यावर काढलेल्या जुन्या जाळ्या गच्चीच्याच कोपऱ्यात टाकून ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. कूलरच्या टाकीतून ठिबकणारे जड पाणी तोंडाशी क्षारांचा पांढरा थर धरते, तो वेगळाच. दिवाळीतील फटाक्यांचा कागद, वाळवणासाठी अंथरलेल्या प्लास्टिकच्या फाटक्या चिंध्या, बांधकामाची वाळू, कबुतरांची पिसे व विष्ठा यांचीही भर पडते.

या साऱ्यांवर धूळ बसते. पहिल्या वळवाच्या सरीने ती भिजते, पुन्हा कडक ऊन पडते आणि पाने, धूळ व धागे यांची मिळून एक कडक पोळी होते. सुटी पाने पाण्याच्या जोराने वाहून जाऊ शकतात. ही पोळी जात नाही.

तुंबल्याचे परिणाम

पहिला परिणाम ओलीचा. पन्हळ भरून वाहू लागली की पाणी तिच्या मागच्या कडेवरून भिंतीत उतरते. गच्चीवर ते साचून राहिले तर स्लॅबच्या बारीक भेगांतून झिरपते, आतील सळई गंजते, गंजल्याने फुगते आणि छताच्या खालच्या बाजूचे काँक्रीट पोपडे धरून निखळते. छताला रंग देऊन हा दोष झाकला जातो, परंतु थांबत नाही.

दुसरा परिणाम वजनाचा. १०० चौरस मीटर गच्चीवर १० सेंमी पाणी साचले तर त्याचे वजन १० टन, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो होते. भारतीय मानक ८७५ (भाग २) नुसार वापरात असलेल्या सपाट छतासाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो इतका वापराचा भार धरतात. तोंड पूर्ण बंद असेल व कठडा उंच असेल तर मोठ्या पावसात ही मर्यादा गाठली जाणे अशक्य नाही. जुन्या, सळई गंजलेल्या स्लॅबच्या बाबतीत तर ही बाब गंभीर ठरते.

तिसरा परिणाम पायाचा असून तो विदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. काळी कापसाची माती भिजली की फुगते व वाळली की आकसून तिला भेगा पडतात. भिंतीलगत एकाच ठिकाणी पाणी पडत राहिले तर तेवढीच माती फुगते आणि बाकीची तशीच राहते. पाया असमान उचलला जातो आणि भिंतींवर, बहुधा खिडकी-दाराच्या कोपऱ्यांपासून, तिरक्या भेगा निघतात. अशा भेगा दरवर्षी बुजवून दरवर्षी पुन्हा दिसत असतील तर प्लास्टरला दोष देण्याआधी पाणी कोठे पडते हे पाहावे.

चौथा परिणाम आरोग्याचा. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती डास घरालगतच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालतो व अंड्यापासून उडता डास होण्यास उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी कोरड्या पृष्ठभागावर कित्येक महिने टिकून राहतात, म्हणून पन्हळ सुकली एवढ्याने धोका टळत नाही. ती घासून काढावी लागते. कुंड्या, टायर, टाक्या यांची तपासणी लोक करतात, पण जमिनीवरून न दिसणारी पन्हळ तपासणीतून सुटते.

पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळ व वड यांचे बी या ओल्या गाळात सहज रुजते. रोप वरून छाटल्यास पुन्हा फुटते व मूळ काँक्रीटच्या सांध्यात शिरत राहते. पिंपळ तोडण्यास अनेक कुटुंबांचे मन धजत नाही आणि त्यामुळे रोप वाढू दिले जाते. दोन-चार पानांचे असतानाच ते मुळासकट अलगद काढून मोकळ्या जमिनीत लावल्यास श्रद्धा आणि भिंत दोन्ही राखता येतात.

आकारमान

१०० चौरस मीटर छपरावर तासाला १०० मिमी वेगाने पाऊस पडला तर तासाला १०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेतीन लिटर पाणी उतरवावे लागते. भारतात प्रचलित असलेल्या तक्त्यांनुसार १०० मिमी व्यासाचा एक उभा पाईप ५० मिमी प्रतितास पावसात सुमारे ८५ चौरस मीटर छप्पर सांभाळतो. पाऊस १०० मिमी प्रतितास असेल तर सुमारे ४३ चौरस मीटरच. ७५ मिमी पाईपाच्या बाबतीत हा दुसरा आकडा केवळ २० चौरस मीटर आहे. म्हणजे वरील छपराला जोराच्या पावसात १०० मिमीचे तीन पाईप हवेत. प्रत्यक्षात एवढ्या गच्चीला दोन पाईप, तेही ७५ मिमीचे, बसवलेले आढळतात. आणि हे आकडे स्वच्छ तोंडाचे आहेत. जाळी अर्धी झाकली गेली की हिशेब तितकाच खाली येतो.

पन्हळीला तोंडाच्या दिशेने दर मीटरला सुमारे १ सेंमी उतार द्यावा. गच्चीच्या कठड्याला नेहमीच्या तोंडाखेरीज पाच-सात सेंमी उंचीवर आणखी एक उघडे भोक ठेवणे हा अत्यंत स्वस्त व अत्यंत दुर्लक्षित उपाय आहे. खालचे तोंड बंद पडल्यास पाणी या भोकातून बाहेर पडते व खाली सर्वांना दिसते. भार वाढत नाही आणि तुंबल्याची सूचनाही मिळते.

निगेचे वेळापत्रक

नागपूरच्या हवेत वर्षातून किमान तीन वेळा साफसफाई लागते. मुख्य सफाई मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे मेच्या अखेरीस करावी. त्याआधी मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ संपल्यावर एकदा झाडून घेतल्यास मुख्य सफाई सोपी जाते. दुसरी सफाई पहिल्या मोठ्या वादळी पावसानंतर लगेच करावी आणि तीच सर्वाधिक चुकते. मेमध्ये गच्ची स्वच्छ केली म्हणून लोक निश्चिंत असतात. परंतु पहिले वादळच झाडांवरील सुकी पाने, डहाळ्या व आजूबाजूच्या छपरांवरील धूळ आणून टाकते. तिसरी सफाई पाऊस परतल्यावर, दिवाळीच्या आवराआवरीबरोबर होऊ शकते. फटाक्यांचा कागद उचलायचा असल्याने ती दिवाळीनंतर ठेवली तरी चालते.

कचरा नेहमी तोंडाकडून मागे सारत उचलावा. पाण्याच्या जोराने तो पाईपात ढकलू नये. कडक पोळी आधी भिजवून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सोडवावी. लोखंडी खुरप्याने पत्र्यावरील जस्ताचा मुलामा खरवडला जातो व तेथूनच गंज धरतो. सफाई झाल्यावर वरून एक-दोन बादल्या पाणी ओतून ते खाली किती वेगाने येते ते पाहावे. पाणी वर थांबून अडखळत उतरत असेल तर बोळा वळणात आहे असे समजावे. यासाठी बुडाशी, जमिनीपासून हात पोहोचेल अशा उंचीवर, उघडता येणारे झाकण असलेला तुकडा पाईपात बसवलेला असावा. नव्या घरात तो आग्रहाने मागून घ्यावा.

जाळ्या

बाजारात पन्हळीवर बसवण्याच्या जाळ्या, स्पंज व कुंचले मिळतात व 'एकदा बसवा आणि विसरा' अशी त्यांची भलामण केली जाते. ती खरी नाही. मोठ्या छिद्रांच्या जाळीतून गुलमोहराची पर्णिका आत जाते. बारीक छिद्रांच्या जाळीवर धूळ व मोहोर यांचा थर बसून ती वरूनच बंद होते आणि पाणी तिच्यावरून घसरून बाहेर पडते. स्पंजात धूळ भरून रोपे उगवतात. ज्या घरावर मोठ्या पानांचे झाड आहे तेथे जाळीचा उपयोग होतो. बारीक पानांच्या झाडाखाली जाळी नसलेली, पण नियमित झाडलेली पन्हळ अधिक विश्वासाची.

गच्चीच्या तोंडासाठी मात्र जाळी हवीच आणि ती घुमटाकार असावी. सपाट जाळीवर एक ओले पान किंवा प्लास्टिकची पिशवी आडवी बसली की तोंड मिटते. घुमटाकार जाळीच्या बुडाशी पाने गोळा झाली तरी वरच्या फटींतून पाणी जात राहते. ती स्क्रूने पक्की करावी. नुसती ठेवलेली जाळी झाडलोट करताना बाजूला काढली जाते आणि परत बसत नाही.

ऊन, गारा आणि साहित्य

पीव्हीसीची पन्हळ गंजत नाही, पण उष्णतेने बरीच वाढते: एक मीटर लांबीमागे एका अंशाला सुमारे ०.०७ मिमी. सहा मीटर लांबीची पन्हळ हिवाळ्यातील पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ५० अंशांनी तापली तर सुमारे २१ मिमी लांबते. त्याच मापाची पोलादी पन्हळ साडेतीन-चार मिमीच लांबते. म्हणून पीव्हीसीचे सर्व सांधे सोल्युशनने चिकटवून टाकल्यास ती कमानीसारखी वाकते किंवा सांध्यात फाटते. मध्ये मध्ये रबरी कड्याचा सरकता सांधा आवश्यक असतो. सतत उन्हात राहिलेले पीव्हीसी ठिसूळ होते व गारपिटीत तडकते. पोलादी पत्र्याला गारांनी पोचे पडतात, त्यांत पाणी साचते आणि ओला कचरा व पक्ष्यांची विष्ठा यांमुळे तेथे गंज लवकर धरतो. आधाराच्या पट्ट्या मीटरभराच्या आत असाव्यात, कारण ओल्या गाळाने भरलेल्या पन्हळीचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट असते.

सुरक्षितता

वसाहतींतील गल्ल्यांत विजेच्या तारा अनेकदा पहिल्या मजल्याच्या कठड्यालगत येतात. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमची शिडी किंवा लोखंडी नळी वापरणे जीवघेणे ठरू शकते. कोरडी बांबूची वा लाकडी शिडी, खाली धरणारा दुसरा माणूस आणि तारांपासून अंतर या तीन गोष्टी नसतील तर काम हाती घेऊ नये. टिनाच्या व सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. सिमेंटचा जुना पत्रा पूर्वसूचना न देता मोडतो. पाऊस चालू असताना तुंबलेले तोंड मोकळे करण्यासाठी घाईने गच्चीवर जाणे हा सर्वांत धोक्याचा प्रकार होय, कारण त्या वेळी शेवाळ, वीज आणि भरलेले पाणी यांची गाठ पडते.

शेजारी आणि कायदा

आपल्या छपराचे पाणी दुसऱ्याच्या जमिनीवर सोडण्यावरून होणारे वाद जुनेच आहेत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा कायदा ज्या प्रांतांना आरंभापासून लागू होता त्यांत मध्य प्रांत, अर्थात त्या वेळचे नागपूर, होते. मुंबई इलाख्यास तो नंतर लागू झाला. या कायद्याच्या कलम १५ नुसार एखादी सुविधा २० वर्षे शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून व अखंड उपभोगली असेल तर तिचा अधिकार निर्माण होऊ शकतो. त्यामुळे जुन्या घराच्या पागोळ्या शेजारी पडत असल्या तरी प्रत्येक वेळी ते बेकायदेशीरच असेल असे नाही. नव्याने शेड उभारून पाण्याचा लोट शेजाऱ्याकडे वळवणे ही मात्र वेगळी गोष्ट होय.

पावसाचा पाईप मलवाहिनीच्या चेंबरला जोडणे ही चुकीची पण सर्रास आढळणारी सोय आहे. जोराच्या पावसात मलवाहिनी भरून वाहते व मैला सखल घरांच्या मोऱ्यांतून उलटा येतो. पाणी पावसाळी नाल्यात किंवा शोषखड्ड्यात सोडावे. शोषखड्डा भिंतीपासून काही मीटर दूर असावा, अन्यथा काळ्या मातीच्या फुगवट्याचा वर सांगितलेला दोष आपणच ओढवून घेतो.

पाणी विहिरीत किंवा बोअरवेलजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात नेले जात असेल तर मोसमातील पहिल्या पावसाचे पाणी वेगळे काढण्यासाठी पाईपाला बगलेची तोटी ठेवतात. १०० चौरस मीटर छपराचे पहिले एक-दोन मिमी, म्हणजे १०० ते २०० लिटर पाणी बाहेर सोडले की धूळ व विष्ठेचा बराचसा भाग निघून जातो. त्यानंतर तोटी बंद करून पाणी गाळणीकडे वळवतात. दोन पावसांमध्ये बरेच कोरडे दिवस गेल्यास हीच क्रिया पुन्हा करावी लागते.